अंधारातला युरोप आणि तोलेदोची वाट

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. इतिहास वाचतो तो रात्री, जेवणं झाल्यावर. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते एका वाचणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणून ऐका.

आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा तोंडात येणारा एक शब्द आहे, अल्गोरिदम. हा शब्द मुळात एका माणसाचं नाव आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. त्याच्या अंकगणिताच्या पुस्तकाचं बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झालं, त्यात त्याचं नाव लॅटिन वळणाने ‘अल्गोरिज्मी’ झालं आणि पुढे त्याने सांगितलेल्या हिशेबाच्या रीतीलाच लोक ते नाव देऊ लागले.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी ती यादी फिरत येते. बीजगणित आपलं, शस्त्रक्रिया आपली, कॅमेरा आपला, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य : तेव्हा युरोप अंधारात चाचपडत होता. कॉलेजात, ऑफिसात कोणी खोचकपणे विचारतं, ‘तुमच्या लोकांनी जगाला दिलं काय?’ मग आपण ती यादी ढालीसारखी पुढे करतो. असा प्रश्न अंगावर येतो तेव्हा काय वाटतं हे मला माहीत आहे. ढाल हाती घ्यावीशी वाटते यात नवल नाही. पण त्या यादीत देणाऱ्यांची नावं असतात, घेणारे कुठेच नसतात. ते कोण होते, कुठून आले, त्यांना कोणी बोलावलं होतं, नेलेल्या पुस्तकांचं त्यांनी केलं काय? आज मला त्या घेणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे.

आधी तो ‘अंधार’ बघू. मध्ययुगातले युरोपियन लोक पृथ्वी सपाट आहे असं मानत होते, आणि कोलंबसाने धाडस करून ती गोल आहे हे दाखवलं, असं आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हे खोटं आहे. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या एका मठात बसून बीड नावाचा पाद्री पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचं लिहीत होता. तेराव्या शतकात साक्रोबोस्कोचं ‘गोल’ याच विषयावरचं छोटं पाठ्यपुस्तक आलं आणि पुढची चारशे वर्षं विद्यापीठांतून शिकवलं गेलं. सपाट पृथ्वीची दंतकथा खरी पसरली ती १८२८ साली, वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने कोलंबसाचं रसाळ चरित्र लिहिलं तेव्हा.

कोलंबसाचा वाद पृथ्वीच्या आकाराबद्दल नव्हता, मापाबद्दल होता. अल-फरगानी या नवव्या शतकातल्या खगोलतज्ज्ञाने पृथ्वीचा एक अंश सुमारे ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा असतो असं नोंदवलं होतं. कोलंबसाने तो आकडा उचलला, पण अरबी मैल त्याच्या ओळखीच्या इटालियन मैलापेक्षा बराच लांब आहे हे लक्षातच घेतलं नाही. त्यामुळे त्याच्या हिशेबातली पृथ्वी जवळपास पाव भागाने आकसली. स्पेनच्या दरबारातले ज्या पंडितांनी ‘आशिया इतका जवळ नाही’ असं सांगितलं, त्यांचंच बरोबर होतं. मधे अमेरिका आडवी आली म्हणून कोलंबस वाचला. आमच्या क्षेत्रात हा प्रकार ओळखीचा आहे. १९९९ साली मंगळाकडे गेलेलं एक अमेरिकन यान असंच गमावलं गेलं, एका गटाने मोजमापाची एक पद्धत धरली आणि दुसऱ्याने दुसरी.

मग अंधार नव्हताच का? पुस्तकांचा दुष्काळ मात्र होता. पश्चिम रोमन साम्राज्य पाचव्या शतकात कोसळलं आणि पश्चिम युरोपात ग्रीक वाचता येणारे लोक फार थोडे उरले. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियस नावाच्या रोमन विद्वानाने प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल पूर्ण लॅटिनमध्ये आणायचं मनात घेतलं होतं. तर्कशास्त्राची काही पुस्तकं झाली, आणि राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला मारून टाकलं. पुढची पाचेकशे वर्षं पश्चिम युरोपाकडे अ‍ॅरिस्टॉटल होता तो जवळपास तेवढाच. टॉलेमीचा खगोलावरचा मोठा ग्रंथ, युक्लिडच्या भूमितीतल्या पूर्ण सिद्धता, गॅलेनचं बरंचसं वैद्यक, काहीच हाताशी नव्हतं. मठांमधून नकला होत होत्या, डोकी चालत होती, पण कपाट रिकामं होतं.

आणि कपाट रिकामं आहे हे त्यांना कळत होतं. माझ्या मते सगळी गोष्ट इथून फिरते.

इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड नावाचा एक माणूस. जन्म १११४ च्या सुमाराचा. त्याला टॉलेमीचं ‘अल्माजेस्ट’ वाचायचं होतं. नाव ऐकलं होतं, पुस्तक मिळत नव्हतं. लॅटिनमध्ये ते नव्हतंच. मग तो स्पेनमध्ये तोलेदोला गेला. तोलेदो १०८५ साली कास्तिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने घेतलं होतं, तोवर ते साडेतीनशेहून अधिक वर्षं मुस्लिम राजवटीखाली होतं. राज्य बदललं तरी अरबी बोलणारे ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान तिथेच राहत होते, आणि अरबी पुस्तकंही तिथेच होती. जेरार्डच्या शिष्यांनी त्याच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलं आहे की प्रत्येक विषयावर अरबीत इतकी पुस्तकं आहेत हे पाहून त्याला लॅटिन जगाच्या गरिबीची कीव आली, आणि भाषांतर करता यावं म्हणून तो अरबी शिकला. एका पुस्तकासाठी आला होता. ११८७ साली वारला तोवर त्याच्या नावावर सत्तरहून अधिक भाषांतरं होती. अल्माजेस्ट त्याने ११७५ च्या सुमारास पूर्ण केलं. इब्न सीनाचं ‘कानून’, युक्लिड, अल-किंदी, अल-फराबी, साबित इब्न कुर्रा, जहरावीचं शस्त्रक्रियेचं पुस्तक... यादी वाचतानाच दमायला होतं.

तो एकटा नव्हता. गालिब नावाचा अरबी जाणणारा एक स्थानिक ख्रिस्ती त्याला अल्माजेस्टच्या कामात मदत करायचा, ही नोंद डॅनियल नावाच्या एका इंग्रज विद्यार्थ्याने केली आहे. हा डॅनियल आधी पॅरिसला शिकायला गेला होता, तिथल्या मास्तरांचा थाट बघून वैतागला आणि तोलेदोला आला. तोलेदोत भाषांतराची एक रीत अशी होती : स्थानिक ज्यू किंवा ख्रिस्ती माणूस अरबी पान वाचून बोलीभाषेत तोंडी सांगायचा, आणि शेजारी बसलेला पाद्री ते लॅटिनमध्ये उतरवायचा. दोघं एका बाकावर, मधे एक पुस्तक.

हे सगळं प्रेमाने चाललं होतं असं कोणी समजू नका. हा क्रुसेडचा काळ आहे. ११४३ साली कुराणाचं पहिलं लॅटिन भाषांतर झालं ते क्लुनी मठाच्या प्रमुखाच्या सांगण्यावरून, आणि हेतू उघड होता : इस्लामचं खंडन करायचं. ते ज्याने केलं तो रॉबर्ट मूळचा खगोल आणि भूमितीच्या मागे लागलेला माणूस. शत्रूच्या धर्मावर टीका आणि शत्रूच्या गणिताचा अभ्यास, दोन्ही एकाच टेबलावर. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याकडून शिकायचंच नाही असं त्यांनी ठरवलं असतं, तर ते बोएथियसच्या कपाटापाशीच बसून राहिले असते.

इंग्लंडमधल्या बाथ गावचा अ‍ॅडेलार्ड तर याच्याही आधीचा. त्याने युक्लिड अरबीतून लॅटिनमध्ये आणला. आपल्या भाच्याशी केलेल्या संवादाच्या रूपात त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात तो भाच्याला सुनावतो की मी अरब गुरूंकडून बुद्धीच्या मागे चालायला शिकलो, तुम्ही मात्र मोठ्यांच्या शब्दाचं दावं गळ्यात बांधून जनावरासारखे ओढले जाता. हे वाचताना गंमत वाटते, कारण आज हेच वाक्य उलट दिशेने कोणी ना कोणी आपल्याला ऐकवत असतं.

याच अ‍ॅडेलार्डच्या नावावर ११२६ सालचं आणखी एक भाषांतर आहे : अल-ख्वारिज्मीच्या खगोल कोष्टकांचं. त्या कोष्टकांचं मूळ अरबी नाव ‘झीज अस-सिंदहिंद’. सिंदहिंद म्हणजे आपला ‘सिद्धांत’. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या काळात भारतातून संस्कृत खगोलशास्त्र बगदादला पोचलं, त्यावर ख्वारिज्मीने कोष्टकं रचली, कोर्दोबात मस्लमा अल-मजरीतीने ती तिथल्या अक्षांश-रेखांशाला जुळवून घेतली, आणि तिथून ती इंग्लंडच्या माणसाच्या हाती गेली. भारतीय खगोलात उज्जैन हे रेखांशाचं शून्य. अरबीत ते ‘उझैन’ लिहिलं गेलं. अरबी लिपीत ‘झे’ आणि ‘रे’ यांच्यात फरक फक्त एका नुक्त्याचा आहे, हे उर्दू वाचणाऱ्यांना माहीतच आहे. कुठल्यातरी नकलेत तो नुक्ता सुटला आणि उझैनचं ‘अरीन’ झालं. पुढे लॅटिन भूगोलाच्या पुस्तकांत ‘अरीन’ नावाचं एक अद्भुत ठिकाण शेकडो वर्षं वावरत राहिलं, पृथ्वीच्या मध्यावरचा घुमट म्हणून. रॉजर बेकन त्याच्याबद्दल लिहितो. हे अरीन म्हणजे क्षिप्रेकाठचं गाव आहे हे त्याला कुठून कळणार?

असंच ‘साइन’चं. दहावीच्या त्रिकोणमितीत ज्याने आपल्याला छळलं तो साइन. संस्कृत ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत उच्चाराला धरून ‘जीब’. अरबीत स्वरचिन्हं बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पुढच्या वाचकांनी ते ‘जैब’ वाचलं, म्हणजे अंगरख्याचा गळा, खिसा. आपण खिशाला जेब म्हणतो तोच शब्द. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचं इमानदारीने भाषांतर केलं : ‘सायनस’, वस्त्राची घडी. धनुष्याच्या दोरीचा खिसा झाला, आणि गणित मात्र बिनचूक पोचलं.

हे मी एवढं लांबवून सांगतोय, कारण ‘आपण दिलं’ म्हणताना तो ‘आपण’ कोण हे ठरवणं अवघड होऊन बसतं. बगदादनेही आधी घेतलंच होतं. नवव्या शतकात हुनैन इब्न इस्हाक गॅलेनच्या पुस्तकांच्या ग्रीक प्रती शोधत गावोगाव फिरला, त्याने शंभरावर पुस्तकांचा हिशेब लिहून ठेवला आहे. कोणतं कोणी भाषांतरलं, कोणती प्रत खराब होती, हे सगळं. हुनैन स्वतः ख्रिस्ती. जेरार्डने तोलेदोत केलं ते तीनशे वर्षांपूर्वी हुनैनने बगदादमध्ये केलेलं होतं.

आता पुस्तकं पोचल्यावर काय झालं ते बघू. मला सगळ्यात जास्त मजा इथे येते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड इथे शिक्षक आणि विद्यार्थी संघ बांधू लागले होते. ‘युनिव्हर्सिटास’ या शब्दाचा अर्थच संघ, जसा सुतारांचा, चांभारांचा संघ. त्याला स्वतःचे नियम, स्वतःची मोहर, स्वतःच्या नावाने कज्जा लढायचा हक्क. पदवी एकट्या गुरूच्या मर्जीवर नव्हती, संघाने ठरवलेली परीक्षा आणि रीत होती, आणि ती पदवी दुसऱ्या गावातही चालायची. इथे समोर बसलेल्या मुलींना मात्र त्या दारातून आत घेतलं नसतं, हेही सांगून ठेवतो.

या पॅरिसात अ‍ॅरिस्टॉटलचा निसर्गविचार आला आणि सोबत इब्न सीना, इब्न रुश्द आले. १२१० साली तिथल्या धर्मसभेने बंदी घातली : अ‍ॅरिस्टॉटलची निसर्गावरची पुस्तकं आणि त्यांवरची भाष्यं पॅरिसात शिकवायची नाहीत. बंदी म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. १२२९ साली पॅरिसात आणखी एक भानगड झाली. दारूच्या गुत्त्यात बिलावरून विद्यार्थ्यांचं भांडण झालं, ते चिघळलं, आणि शहराच्या शिपायांनी काही विद्यार्थी मारून टाकले. शिक्षकांनी संप केला. थोडाथोडका नाही, दोन वर्षं. कितीतरी जण गाव सोडून ऑक्सफर्ड आणि इतर ठिकाणी गेले. त्याच वेळी दक्षिणेत तुलूझ इथे नवं विद्यापीठ उघडत होतं. त्यांनी जाहिरातीचं पत्र काढलं : इकडे या, इथे सुबत्ता आहे, आणि पॅरिसात बंदी असलेली पुस्तकं इथे शिकायला मिळतील! तुलूझचं विद्यापीठ पाखंडी विचारांचा बंदोबस्त करण्यासाठी उघडलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे आणखीच हसू येतं. १२३१ साली पोपने पॅरिसच्या विद्यापीठाचे हक्क मान्य केले, संपाचा हक्कसुद्धा. आणि १२५५ मध्ये त्याच पॅरिसच्या अभ्यासक्रमात अ‍ॅरिस्टॉटलची जवळपास सगळी पुस्तकं सक्तीची झाली. बंदीपासून सक्तीपर्यंत पंचेचाळीस वर्षं.

वाद मिटला नव्हता. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यांतली बरीचशी इब्न रुश्दच्या वाटेने जाणाऱ्या शिक्षकांवर रोखलेली होती. पण तोवर इब्न रुश्द अभ्यासक्रमाचा भाग झाला होता. लॅटिनमध्ये ‘भाष्यकार’ एवढंच म्हटलं तरी इब्न रुश्दच समजत. थॉमस अक्वायनसने त्याच्या मताविरुद्ध पुस्तक लिहिलं, म्हणजे आधी त्याला पानापानाने वाचलं. इकडे स्वतः इब्न रुश्दचं काय झालं? कोर्दोबाचा काजी, सुलतानाचा वैद्य. ११९५ साली त्याला हद्दपार केलं, तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली. शेवटी माफी मिळाली आणि ११९८ साली तो वारला. आपल्याकडच्या मदरशांत त्याचं नाव आजही आहे, ते ‘बिदायतुल मुजतहिद’ या फिक्हच्या पुस्तकामुळे. त्याच्या अ‍ॅरिस्टॉटलवरच्या भाष्यांपैकी काहींचं अरबी मूळ आज पूर्ण मिळत नाही, लॅटिन आणि हिब्रू भाषांतरांतूनच ती वाचावी लागतात. आपल्याच माणसाला वाचायला लॅटिन शिकायची पाळी.

पुढच्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात ब्रॅडवर्डिन, हेटसबरी, स्वाइन्सहेड अशी मंडळी गतीचं गणित मांडत होती. १३३५ च्या सुमारास त्यांनी नियम सांगितला : वेग एकसारखा वाढत असेल तर कापलेलं अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने चालून कापलेल्या अंतराएवढंच असतं. नंतर फ्रान्समध्ये निकोल ओरेमने हे चित्र काढून दाखवलं. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघांवर वेग, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. आपण अकरावीत काढतो तोच आलेख. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात हाच नियम आणि त्रिकोणाची तीच युक्ती आहे. ओरेमने अ‍ॅरिस्टॉटलची काही पुस्तकं राजाच्या सांगण्यावरून फ्रेंचमध्येही आणली, लॅटिन सोडून घरच्या भाषेत, आणि त्यासाठी कितीतरी नवे शब्द घडवले. मराठीत विज्ञान बोलायला अडखळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. यांची मोठी उणीवही होती : दगड खाली टाकून मोजून बघावं असं यांना वाटलं नाही. सगळं कागदावर.

मोजून, करून बघणारे दुसरीकडे होते. आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

साल साधारण १३०० ते १३१०. जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक नावाचा डॉमिनिकन पाद्री आणि इराणमध्ये तब्रीझला कमालुद्दीन फारिसी. दोघांना एकच प्रश्न पडलेला : इंद्रधनुष्य कसं होतं? दोघांच्याही हाताशी इब्न अल-हैसमचं प्रकाशावरचं पुस्तक, एकाकडे लॅटिनमध्ये, दुसऱ्याकडे अरबीत. फारिसीला ते त्याच्या गुरूने, कुतुबुद्दीन शिराझीने, मिळवून दिलं होतं. पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही. म्हणून दोघांनीही एकच शक्कल काढली : काचेचा गोल पाण्याने भरायचा आणि तो मोठा केलेला थेंब समजायचा. फारिसीने अंधाऱ्या खोलीत भोकातून ऊन आत घेऊन पाहिलं. दोघंही त्याच उत्तराला पोचले. किरण थेंबात शिरताना वळतो, आतल्या पाठीवर आपटून परततो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. दुसरं, फिकट इंद्रधनुष्य दिसतं तेव्हा आत दोनदा परततो. एकमेकांचं नावही दोघांना माहीत नव्हतं.

म्हणजे १३१० साली, प्रकाशाच्या विषयात तरी, तब्रीझ आणि फ्रायबर्ग एकाच पायरीवर उभे होते. ‘गझालीने विज्ञान संपवलं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यानंतर दोनशे वर्षांनी फारिसी हे करतोय. ‘तहाफुत’च्या सुरुवातीलाच गझालींनी बजावलं आहे की ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो. १२५८ साली मोंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, हे दुसरं ठरलेलं कारण. पण दुसऱ्याच वर्षी त्याच हुलागू खानाच्या पैशातून नसीरुद्दीन तूसीने मरागाला वेधशाळा उभारायला घेतली. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीचा वेळपाल इब्न अल-शातिर याने चंद्राच्या गतीची जी रचना मांडली, तीच गणिताने १५४३ सालच्या कोपर्निकसच्या पुस्तकात आहे. ती तिकडे कशी पोचली यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

मग फरक कुठे पडला? इंद्रधनुष्याचं पुढे काय झालं ते बघा. फारिसीचं पुस्तक थोड्यांच्या हाती राहिलं. आणि थिओडोरिकचं? तेही विसरलं गेलं! १६३७ साली देकार्तने हा विषय पुन्हा मांडला, आणि थिओडोरिकची हस्तलिखितं एकोणिसाव्या शतकात लोकांना सापडली. युरोपातही चांगलं काम धूळ खात पडत होतं. उलट मर्टनचा गतीचा नियम टिकला, कारण हेटसबरीचं पुस्तक इटलीतल्या पदुआच्या अभ्यासक्रमात लागलं, दरवर्षी नवी तुकडी त्यावर डोकं आपटत राहिली, आणि १४९४ साली ते व्हेनिसमध्ये छापलं गेलं. हेटसबरी फारिसीपेक्षा हुशार होता असं मला वाटत नाही. त्याचं पुस्तक परीक्षेला होतं.

आपल्याकडच्या जगात हे नव्हतं असंही नाही. खगोलशास्त्र शतकानुशतकं टिकलं, कारण मशिदीत वेळपालाची, मुवक्कितची, जागा होती. एक गेला की दुसरा नेमावा लागे. मदरशाचा पैसा वक्फचा, आणि वक्फनामा सहसा फिक्हसाठी. गणित आणि हिकमत शिकणारे शिकत, पण बरेचदा कोणाच्या घरी, दवाखान्यात, राजाच्या आश्रयाने. इजाजत मिळायची ती माणसाकडून. समरकंदला उलुग बेगने पंधराव्या शतकात जगातली उत्तम वेधशाळा बांधली, १४४९ साली त्याचा खून झाला आणि वेधशाळा ओस पडली. इस्तंबूलला तकीउद्दीनची वेधशाळा उभी राहिली आणि १५८० साली सुलतानाच्याच हुकमाने पाडली. १५०० सालापर्यंत युरोपात साठाहून अधिक विद्यापीठं होती. एका बिशपने बंदी घातली तर दुसऱ्या गावचा दरवाजा उघडा होता. समरकंदच्या वेधशाळेला असं दुसरं गाव नव्हतं.

कुणी म्हणेल, तुम्ही युरोपचे गोडवे गाताय. १४९२ ला ग्रनाडा पडल्यावर तिथल्या चौकात अरबी पुस्तकांची होळी करणाराही युरोपच होता, आणि त्याच वर्षी स्पेनने आपले ज्यू हाकलून दिले, ज्यांच्या पूर्वजांनी तोलेदोच्या बाकावर बसून पुस्तकं वाचून दाखवली होती. हे मी लपवत नाही. पण मागच्या महिन्यात एका मुलाने मला विचारलं, ‘भाई, हे सगळं आपलंच होतं, तर त्यांच्याकडून का शिकायचं?’ मी त्याला जेरार्डच्या शिष्यांबद्दल सांगितलं. जेरार्ड आपल्या भाषांतरांवर नाव घालायचा नाही. तो गेल्यावर शिष्यांना भीती वाटली की दुसरा कोणी श्रेय उपटेल. म्हणून त्यांनी गॅलेनच्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याच्या भाषांतरांची यादी जोडून दिली. त्या यादीतली पुस्तकं ग्रीक, अरब, इराणी अशा लोकांची आहेत, आणि शिष्य म्हणतात, ही आमच्या गुरूची. मुलगा हसला आणि म्हणाला, ‘मग तर आपण पण आइन्स्टाइनला आपला म्हणू शकतो.’ म्हटलं, म्हण. पण जेरार्ड आधी अरबी शिकला होता.

बरं, वेळ होत आलाय. येताना मी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून हा गोल बुडाचा काचेचा फ्लास्क आणला आहे, पाण्याने भरलेला. बाहेर अंगणात ऊन उतरलंय, आपल्याला हवं तसं. उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, फ्लास्क समोर डोक्याच्या जरा वर धरायचा आणि हळूहळू खाली आणायचा. एका जागी काचेच्या कडेला आधी लाल ठिणगी दिसेल, मग पिवळी, हिरवी, निळी. प्रत्येक उंचीला वेगळा रंग. चला, दोन-दोन जण या, चपला बाहेर आहेत. प्रश्न तिथेच विचारा.